बोटीवरचा बॅटरी चार्जर: निवड, जागा आणि शेवटची दोन मीटर वायर

प्रश्न थोडक्यात असा आहे. साडेपाच मीटरची फायबरची मासेमारीची बोट, मागे पेट्रोलचं आउटबोर्ड. इंजिन सुरू करायला 12 व्होल्टची, पाणी घालायची एक बॅटरी. पुढच्या ट्रोलिंग मोटरसाठी (मासेमारी करताना बोट हळू चालवणारी विजेची मोटर) 100 अँपिअर-अवरच्या दोन एजीएम बॅटऱ्या (याही लेड-ॲसिडच, पण ॲसिड काचतंतूंच्या चटईत शोषलेल्या, सीलबंद), सीरिजमध्ये जोडून 24 व्होल्ट केलेल्या. आजवर गॅरेजमधला चिमट्यांचा चार्जर एकेका बॅटरीला आळीपाळीने लावला, आता त्या उठाठेवीचा कंटाळा आला आहे. बोटीवरच कायमचा चार्जर बसवायचा तर दोन आउटपुटचा घ्यावा की तीन, किती अँपिअरचा, कुठे बसवावा, आणि हे काम स्वतः जमेल का?

जमेल. पाने, क्रिंपिंगची (वायरीच्या टोकाला लग दाबून बसवायची) चांगली पक्कड, मल्टिमीटर आणि एक निवांत दुपार एवढं असलं की पुरे. तुमच्या बोटीसाठी माझं उत्तर आहे: तीन आउटपुटचा, दर आउटपुटला 10 अँपिअर देणारा, सीलबंद चार्जर. पण कारणं समजून न घेता हे उत्तर उचलू नका, कारण एक बॅटरी बदलली तरी उत्तर बदलू शकतं.

चार्जर घेताना लोक अँपिअरपासून सुरुवात करतात. मी तासांपासून करतो. बोट किती वाजता प्लगला लागते आणि किती वाजता सुटते? समजा संध्याकाळी सहाला परत आलात आणि पहाटे पाचला पुन्हा निघायचं आहे. हातात 11 तास आहेत. दिवसभर ट्रोलिंग मोटर चालवून दोन्ही एजीएममधून 60-60 अँपिअर-अवर काढलेत. (सीरिजमध्ये दोन्ही बॅटऱ्यांतून तोच करंट जातो, म्हणून दोघींची भरपाई सारखीच.) लेड-ॲसिड बॅटरी दिलेलं सगळं पोटात ठेवत नाही, थोडं वाया जातं, म्हणजे दर बॅटरीला सुमारे 68 ते 70 अँपिअर-अवर परत घालावे लागतील.

10 अँपिअरने 80 टक्क्यांपर्यंत यायला चार-साडेचार तास लागतात. त्यानंतर बॅटरी स्वतःच करंट कमी-कमी घेत जाते आणि उरलेले 20 टक्के भरायला आणखी जवळजवळ तेवढेच तास खाते. एकूण साडेआठ-नऊ तास. तुमच्या 11 तासांत हे बसतं. 5 अँपिअरचा चार्जर घेतलात तर सकाळी निघताना बॅटऱ्या भरलेल्या नसतील. 20 अँपिअरचा घेतलात तर पहिला टप्पा निम्म्यावर येतो, पण शेवटचा टप्पा तेवढाच रेंगाळतो. अँपिअर दुप्पट केले म्हणून वेळ अर्धा होत नाही, फार तर दोन-अडीच तास वाचतात. ज्यांना दुपारच्या जेवणाच्या सुट्टीत बोट प्लगला लावून पुन्हा निघायचं असतं त्यांना त्या दोन तासांची किंमत आहे. तुम्हाला नाही.

फार मोठ्या चार्जरची दुसरीही बाजू आहे. पाणी घालायच्या बॅटरीला तिच्या अँपिअर-अवरच्या 10 ते 20 टक्के करंट मानवतो. 70 अँपिअर-अवरच्या स्टार्टिंग बॅटरीला 10 अँपिअर म्हणजे छान. एजीएम त्याहून जास्त सहज पचवते, पण वरची मर्यादा बॅटरीच्याच माहितीपत्रकावरून घ्या.

खोक्यावर "30 अँपिअर, तीन आउटपुट" असं लिहिलेलं असलं तर नीट वाचा. काही चार्जर दर आउटपुटला ठरलेले 10 अँपिअर देतात. काही मात्र एकूण 30 अँपिअर ज्या बॅटरीला जास्त भूक आहे तिच्याकडे वळवतात. दोन्ही प्रकार चांगले आहेत. फक्त आपण कोणता घेतोय ते ठाऊक हवं. स्टार्टिंग बॅटरी बहुतेक वेळा भरलेलीच येते, त्यामुळे तुमच्यासारख्या वापरात दुसरा प्रकार उरलेला करंट ट्रोलिंगच्या जोडीला देतो आणि तासभर वाचवतो. पण तो 15-15 अँपिअर द्यायला लागला की त्या मार्गातली वायर आणि फ्यूजही तेवढ्याला पुरणारे हवेत.

आता दोन की तीन. नियम साधा: प्रत्येक 12 व्होल्टच्या बॅटरीला स्वतःचं आउटपुट. ट्रोलिंगच्या जोडीला एकच 24 व्होल्टचं आउटपुट देणारेही चार्जर असतात, पण त्यात चार्जरला फक्त बेरीज दिसते. एक बॅटरी 14.9 वर आणि दुसरी 13.9 वर असली तरी त्याच्या हिशेबी 28.8 बरोबरच आहे. एक उकळते, दुसरी उपाशी राहते, आणि हंगामागून हंगाम ही दरी वाढत जाते. दोन वेगळी आउटपुट दिली की प्रत्येक बॅटरी आपापल्या गरजेने भरते. सीरिजचा मधला जोड काढावा लागत नाही, तो तसाच राहू द्यायचा.

मात्र त्यासाठी चार्जरची आउटपुट एकमेकांपासून पूर्ण वेगळी हवीत, निगेटिव्हसकट. हे तपासल्याशिवाय चार्जर विकत घेऊ नका. काही चार्जरांत फक्त पॉझिटिव्ह वेगळे असतात आणि निगेटिव्ह आतून एकच. अनेक 12 व्होल्टच्या बॅटऱ्यांचे निगेटिव्ह एकत्र बांधलेल्या मोठ्या बोटीत ते चालतं. पण असा चार्जर सीरिजमधल्या जोडीला लावला तर काय होतं पाहा: वरच्या बॅटरीचा निगेटिव्ह म्हणजेच खालच्या बॅटरीचा पॉझिटिव्ह. चार्जरने दोन्ही निगेटिव्ह आतून जोडलेले असले तर खालच्या बॅटरीच्या पॉझिटिव्हपासून निगेटिव्हपर्यंत चार्जरच्या काळ्या वायरींतून सरळ शॉर्ट. फ्यूज फक्त लाल वायरीत असेल तर तो उडणारही नाही, कारण या करंटचा मार्ग काळ्या वायरींतून आहे. वायरच पेटते. म्हणून सीरिजसाठी विकत घेताना लाल आणि काळ्या, दोन्ही वायरींना फ्यूज असलेला चार्जर मी पसंत करतो. आणि घरी आणल्यावर, काहीही जोडायच्या आधी, मल्टिमीटर कंटिन्युइटीवर ठेवून दोन वेगळ्या आउटपुटच्या काळ्या वायरींना टोकं लावतो. बीप वाजला तर तो चार्जर खोक्यात परत.

याच्याशी जोडलेली आणखी एक चूक मी बऱ्याचदा पाहिली आहे. जागा अरुंद, सगळ्या वायरी सारख्या, आणि आउटपुट दोनची लाल एका बॅटरीवर तर काळी शेजारच्या बॅटरीवर जाते. 12 व्होल्टच्या आउटपुटवर 24 व्होल्ट येतात. वायरी बोटीत ओढण्यापूर्वीच दर जोडीला रंगीत टेप गुंडाळा आणि बॅटरीवरही त्याच रंगाचा तुकडा चिकटवा.

बॅटरीचा प्रकार चार्जरला कळवावा लागतो. तो स्वतःहून ओळखत नाही, जाहिरातीत काहीही म्हटलेलं असो. 12 व्होल्टच्या बॅटरीला 25 अंश सेल्सिअसला दुसऱ्या टप्प्यात, ज्याला अब्झॉर्प्शन म्हणतात, साधारण असे व्होल्ट लागतात: पाणी घालायच्या बॅटरीला 14.4 ते 14.8, एजीएमला 14.4 ते 14.7, जेलला 14.1-14.2 च्या आसपास. नंतर राखणीसाठी, म्हणजे फ्लोटवर, 13.2 ते 13.8. आकड्यांतला फरक किरकोळ वाटतो, पण जेल बॅटरीला महिनोन्महिने 14.7 दिले की जेलमध्ये बुडबुडे अडकतात आणि ते परत निघत नाहीत. उलट एजीएमला 14.1 वरच ठेवलं तर ती कधीच पूर्ण भरत नाही आणि प्लेटांवर सल्फेट साचत जातं. दर आउटपुटला वेगळा प्रकार निवडता येणारा चार्जर घ्या. तुमच्याकडे आजच दोन प्रकार आहेत.

गरम हवामानात आणखी एक गोष्ट लक्षात ठेवायची. लेड-ॲसिड बॅटरीला तापमान 25 च्या वर गेलं की दर अंशाला सुमारे 24 मिलिव्होल्ट कमी द्यावे लागतात, थंडीत तेवढेच जास्त. 40 अंशांवर 14.6 चे 14.2-14.3 व्हायला हवेत. चांगल्या चार्जरला बॅटरीवर चिकटवायचा तापमानाचा सेन्सर असतो. स्वस्त चार्जर स्वतःच्याच पोटातलं तापमान मोजतो. चार्जर चालताना तो बॅटरीपेक्षा कितीतरी गरम असतो, मग तो व्होल्ट गरजेपेक्षा कमी करतो आणि मालक म्हणतो, हल्ली बॅटरी भरतच नाही. वेगळ्या सेन्सरची सोय असेल तर तो जरूर बसवा.

"इक्वलाइज", "रिकंडिशन" किंवा अशाच नावाचं बटण असेल तर ते फक्त पाणी घालायच्या बॅटरीसाठी आहे. त्यात व्होल्टेज 15.5 च्या पुढे जातं. एजीएमला ते लावू नका, आणि स्टार्टिंग बॅटरीला लावायचं झालं तर फिशफाइंडर, रेडिओ वगैरे आधी तोडून ठेवा.

पुढेमागे ट्रोलिंगसाठी लिथियम आयर्न फॉस्फेट घेणार असाल तर आत्ताच तो पर्याय असलेला चार्जर घ्या, पुन्हा खर्च नको. तिला 14.2 ते 14.6 पुरतात, फ्लोटची गरज जवळजवळ नसते, आणि शून्य अंशाखाली तिला चार्ज करायचं नसतं. तिच्या आतलं संरक्षण सर्किट कधी बॅटरीच तोडून टाकतं. तेव्हा टर्मिनलवर शून्य व्होल्ट दिसतात आणि पुष्कळ चार्जर "बॅटरीच नाही" म्हणून सुरूच होत नाहीत. चार्जरला अशी झोपलेली बॅटरी उठवता येते का, हे आधी पाहा. दोन लिथियम सीरिजमध्ये लावता येतील की नाही, हेही त्या बॅटरीच्या बनवणाऱ्यालाच विचारायचं. सगळ्या बॅटऱ्यांना ते चालत नाही.

आता जागा. या कामात सगळ्यात जास्त वेळ मी इथेच घालवतो.

तुमचं इंजिन पेट्रोलचं आहे. पेट्रोलची वाफ हवेपेक्षा जड, ती खाली बिल्जमध्ये, म्हणजे बोटीच्या तळाच्या पोकळीत, साचून राहते. बॅटरीतून चार्जिंगच्या शेवटी निघणारा हायड्रोजन हवेपेक्षा कितीतरी हलका, तो वर झाकणाखाली जमतो आणि हवेत 4 टक्के झाला की पेटू शकतो. म्हणजे खालून एक धोका, वरून दुसरा, आणि मध्ये तुम्ही चार्जर टांगणार. म्हणून पेट्रोलची टाकी, तिची पाइपलाइन किंवा इंजिन ज्या कप्प्यात आहे, त्या कप्प्यात किंवा त्याला हवा मोकळी असलेल्या कप्प्यात बसणारा चार्जर ठिणगी बाहेर न पडू देणारा, म्हणजे इग्निशन प्रोटेक्टेड असायला हवा. आयएसओ 8846 किंवा एसएई जे1171 असा उल्लेख अंगावर किंवा माहितीपत्रकात शोधा. वॉटरप्रूफ म्हणजे इग्निशन प्रोटेक्टेड असा समज सर्रास आहे. तो चुकीचा आहे. आयपी 67 चा अर्थ एवढाच की धूळ आत जात नाही आणि एक मीटर पाण्यात अर्धा तास बुडला तरी टिकतो. ठिणगीबद्दल त्यात एक शब्द नाही. गॅरेजमधला चिमट्यांचा चार्जर तर या दोन्ही कसोट्यांवर नापास होतो, आणि चिमटा लावताना किंवा काढताना उडणारी ठिणगी नेमकी बॅटरीच्या तोंडाशीच उडते. तुमचा कंटाळा योग्य वेळी आला, एवढंच म्हणेन.

चार्जर बॅटरीच्या थेट वर नको. तिथे ॲसिडची वाफ त्याच्या वायरी आणि स्क्रू खाते. बाजूला, बिल्जच्या पाण्याच्या वर, उभ्या भिंतीवर लावा. रेझिन ओतून सीलबंद केलेल्या चार्जरला पंखा नसतो, त्याचं सगळं अंग हेच रेडिएटर. 30 अँपिअर 14.6 व्होल्टने देताना तो सुमारे 440 वॅट बाहेर काढतो आणि 75-80 वॅटची उष्णता अंगातून सोडतो. जुन्या पिवळ्या बल्बला मुठीत धरून पाहा, मग कळेल. चारही बाजूंना हातभर नाही तरी वीतभर हवा ठेवा, त्याच्या अंगावरच्या धातूच्या पट्ट्या उभ्या ठेवा म्हणजे गरम हवा वर सरकेल, आणि लाइफ जॅकेटांचा ढीग त्यावर पडणार नाही अशी जागा निवडा. कप्प्याचं झाकण घट्ट बसणारं असेल तर चार्जिंग चालू असताना ते उघडं ठेवा. हायड्रोजनलाही त्यातूनच वाट मिळते.

भोक पाडण्याआधी भिंतीच्या पलीकडे काय आहे ते हात घालून पाहा. फायबरच्या पातळ भिंतीत नुसता स्क्रू मारू नका, लाटांच्या आदळण्याने तो महिनाभरात सैल होतो. आरपार बोल्ट, मागे मोठा वॉशर किंवा प्लायवुडचा तुकडा, सगळं स्टेनलेस, भोकांत सीलंट. बोटीच्या बाहेरच्या तळाला कुठलाही स्क्रू जायला नको, हे सांगायची गरज नसावी. पण ड्रिल किती खोल गेलं हे न पाहता तळाला भोक पाडलेली बोट मी पाहिली आहे.

तुमच्याकडे बहुधा स्टार्टिंग बॅटरी मागे आणि ट्रोलिंगची जोडी पुढे असणार. चार्जर कुठे लावायचा? जोडीजवळ. जास्त करंट, जास्त तास तिकडे जातो, त्यामुळे तिकडच्या वायरी आखूड हव्यात. मागच्या बॅटरीची वायर लांबवावी लागली तरी बिघडत नाही. तिला थोडकाच चार्ज लागतो आणि करंट कमी झाला की वायरीतला व्होल्टेजचा घसाराही त्याच प्रमाणात उतरतो.

चार्जरने किती व्होल्ट दिले यापेक्षा बॅटरीच्या टर्मिनलवर किती पोहोचले, हे महत्त्वाचं. एकदा मला "चार्जर खराब आहे" म्हणून बोलावलं होतं. मालकाने दोन वर्षांत ट्रोलिंगच्या बॅटऱ्या दोनदा बदलल्या होत्या आणि आता चार्जरही बदलायच्या तयारीत होते. चार्जर धडधाकट होता. पण वायर पुरत नाही म्हणून कोणीतरी ती दीड स्क्वेअर एमएमच्या वायरीने चार मीटर वाढवली होती, जोड पिळून वर काळी टेप. 10 अँपिअर चालू असताना चार्जरच्या टोकाला 14.4 आणि बॅटरीवर 13.4. चार्जरला आपल्या टोकाचेच व्होल्ट दिसतात. त्याला वाटलं, 14.4 गाठले, आता शेवटचा टप्पा. त्याने ठरलेले तास मोजले आणि हिरवा दिवा लावून फ्लोटवर गेला. बॅटरी रोज पाऊण भरून परत पाण्यात जात होती. मालक हिरव्या दिव्यावर विश्वास ठेवून निवांत झोपत होते.

हिशेब सोपा आहे. तांब्याच्या वायरीचा रोध काढायचा तर 0.0175 ला मीटरमधल्या लांबीने गुणायचं, आणि स्क्वेअर एमएमने भागायचं. लांबी जाऊन-येऊन धरायची, लाल आणि काळी दोन्ही. चार मीटर अंतर म्हणजे आठ मीटर वायर. 10 अँपिअरला दीड स्क्वेअर एमएममध्ये जवळजवळ 0.93 व्होल्ट वाटेत जिरतात, 4 मध्ये 0.35, 6 मध्ये 0.23, 10 मध्ये 0.14. तीन टक्क्यांच्या आत, म्हणजे 0.36 व्होल्टच्या आत राहायचं ठरवलं तर 4 जेमतेम पास होते. मी 6 ओढतो. वायर टिन चढवलेली, बारीक तारांची, बोटीसाठी बनवलेली घ्या. साधी तांब्याची वायर खाऱ्या हवेत आतून काळी पडत जाते, इन्सुलेशन वरून नवंकोरं दिसतं. जोड सोल्डरने नाही, क्रिंपने करा, आणि वर आतून गोंद असलेली हीट-श्रिंक नळी. सोल्डर वायरीत चढून ती ताठ करतो आणि हादऱ्याने ती नेमकी त्या कडेला तुटते.

लांबवायच्या आधी चार्जरच्या माहितीपत्रकात परवानगी आहे का ते बघा. असेल तर एक खुबी लक्षात ठेवा: वायर चार्जर आणि फ्यूज यांच्या मध्ये वाढवायची, फ्यूज आणि बॅटरी यांच्या मध्ये नाही. फ्यूज चार्जरला वाचवायला नसतो. वायरीला बॅटरीपासून वाचवायला असतो. शॉर्ट झाला तर शेकडो अँपिअर ओतणार आहे ती बॅटरी. म्हणून फ्यूज बॅटरीच्या टर्मिनलपासून 7 इंचांच्या, म्हणजे सुमारे 18 सेंटिमीटरच्या आत असावा. अमेरिकन बोट अँड यॉट कौन्सिलच्या ई-11 मानकातला सर्वसाधारण नियमही हाच आहे. 10 अँपिअरच्या आउटपुटला 15 चा फ्यूज ठीक, चार्जरवाल्याने वेगळा आकडा सांगितला नसेल तर.

चार्जरच्या वायरी मेन स्विचच्या पलीकडे, थेट बॅटरीवर घ्या. मग स्विच बंद ठेवून बोट रात्रभर चार्ज होते. टर्मिनलवर सगळ्यात मोठा लग (वायरीच्या टोकाची भोकाची पट्टी) तळाला, लहान वर, आणि एका स्टडवर चारपेक्षा जास्त नकोत. विंग नट असेल तर काढून षट्कोनी नट आणि स्प्रिंग वॉशर लावा. हाताने आवळलेला विंग नट हादऱ्यांनी सैल होतो, आणि सैल जोडावरचा घसारा वरच्या हिशेबात कुठेच सापडत नाही.

एसीची बाजू तुमच्या बाबतीत सोपी आहे. 440 वॅट देणारा चार्जर पॉवर पॉइंटमधून सुमारे 515 वॅट घेतो; 230 व्होल्टला सव्वादोन अँपिअर, 120 ला साडेचारच्या आत. पॉवर फॅक्टर (ओढलेल्या करंटपैकी किती खऱ्या कामाला येतो त्याचं प्रमाण) सुधारलेला नसेल तर करंट दीडपट धरा. छोट्या जनरेटरवर चालवणाऱ्यांनी हे विशेष पाहावं, वॅट पुरतात तरी जनरेटर का कण्हतो याचं उत्तर बहुधा तिथे असतं. सॉकेटला 30 मिलिअँपिअरचा आरसीडी, म्हणजे गळती होताच वीज तोडणारा स्विच, असायलाच हवा. अर्थची पिन कधीही काढायची नाही. बोट पाण्यात असताना गळती झाली तर करंट पाण्यात उतरतो आणि आसपास पोहणारा माणूस हातपाय हलवेनासा होऊन बुडतो. प्लग शेवटी लावायचा, आधी काढायचा, आणि सॉकेट बोटीच्या काठावर झाकणासह बसवायचं, म्हणजे एक्स्टेन्शनचं टोक ओल्या डेकवर लोळत राहणार नाही.

बोट ट्रेलरवर चार्ज करत असाल तर हा परिच्छेद सोडून द्या. पाण्यातच बांधून, कायम प्लगला ठेवत असाल तर मात्र अर्थच्या वायरीतून तुमच्या बोटीचं पाण्याखालचं ॲल्युमिनियम शेजारच्या बोटीच्या कांस्याशी जोडलं जाऊ शकतं आणि मोठी बॅटरीच तयार होते, जिच्यात झिजणारा भाग तुमचा. बोटीवर एसीचा अर्थ आणि डीसीचा निगेटिव्ह जोडलेले असतात तिथे हे हमखास होतं. अर्थच्या वायरीत गॅल्व्हॅनिक आयसोलेटर (हा बारीक करंट अडवणारं, पण बिघाडाचा मोठा करंट जाऊ देणारं उपकरण) बसवणं हा त्यावरचा उपाय. अर्थ तोडणं हा नाही. आणि बोटीवर एसीची कायमची वायरिंग करायची असेल तर ते काम परवानाधारक माणसाकडून करून घ्या, तिथे माझी "जमेल" ही खात्री लागू नाही.

सगळं जोडून झाल्यावर दिवे बघून समाधान मानू नका. पहिल्या रात्री मल्टिमीटर घेऊन बसा. बॅटऱ्या वापरून थोड्या उतरवून आणा. आराम दिल्यावर 12.2 च्या आसपास म्हणजे निम्म्या रिकाम्या. प्लग लावल्यावर अर्ध्या तासाने डीसी मोजणारा क्लॅम्प मीटर प्रत्येक लाल वायरीला लावा, ट्रोलिंगच्या जोडीत 9-10 अँपिअर दिसले पाहिजेत. त्याच वेळी व्होल्ट दोनदा मोजा: एकदा चार्जरच्या बाजूच्या पहिल्या जोडावर, एकदा बॅटरीच्या शिशाच्या टर्मिनलवरच, लगवर नाही. फरक 0.3 च्या वर असेल तर वायर किंवा जोड शोधा. तीन-चार तासांनी एजीएमवर 14.4 ते 14.7 हवेत. सकाळी फ्लोटवर साडेतेराच्या जवळपास. प्लग काढून बारा तासांनी एजीएम 12.8 च्या आसपास, पाणी घालायची 12.6-12.7. स्टार्टिंग बॅटरीत डिस्टिल्ड वॉटर घालायचं ते आता, चार्ज झाल्यावर. आधी घातलं तर फुगून बाहेर येतं. फक्त प्लेटा उघड्या पडल्या असतील तर आधी त्या बुडेपर्यंतच.

ट्रोलिंगच्या दोन बॅटऱ्यांत आरामानंतर 0.2 व्होल्टपेक्षा जास्त फरक दिसला, तर चार्जरच्या त्या दोन आउटपुटची लाल-काळी जोडी जोडीनेच अदलाबदल करा, प्लग काढून, आणि आणखी एक रात्र ठेवा. कमी व्होल्ट त्याच बॅटरीवर राहिले तर बॅटरी थकली आहे. तेव्हा दोन्ही एकत्र बदला, नवी-जुनी अशी सीरिज लावू नका. कमीपणा दुसऱ्या बॅटरीवर सरकला तर दोष त्या आउटपुटमध्ये किंवा त्याच्या वायरीत आहे, आणि फ्यूजच्या होल्डरपासून शोधायला लागा, नव्या कामात तो बहुधा तिथेच सापडतो.